जपानातली तासं

९ फेब्रुवारी

गुडघ्यामुळं अकरा दिवस घरात. आज काठी न घेता बागेपर्यंत गेले. नसते गेले तर बरं झालं असतं.

कारखान्याच्या बागेतला आपला कोपरा. पाटीवर 'जपानी बाग' आहे, गाव नुसतं जपान म्हणतं. "कुठं गेलतास?" "जपानात." अठरा वर्षं हा एकच विनोद चालू आहे आणि अजून लोकांना हसू येतं. अध्यक्ष परदेश दौऱ्यावरून फोटोंचा अल्बम घेऊन आले आणि शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंना, म्हणजे मला, म्हणाले, असं काहीतरी काढून द्या. काढून दिलं. तळं, लाल पूल, कौलारू चहाघर, आणि वाळूची कोरडी बाग. गेवराईकडून आणलेली नदीची वाळू, सात दगड आणि लाकडी दाताळ्यानं ओढलेल्या लाटा. पाण्याशिवाय पाणी. आता तळं दोन वर्षं कोरडं ठणठणीत, मासे गेले, बांबू वाळला. राहिली ती वाळू. तिला पाणी लागत नाही, माझे दोन हात लागतात.

आज लाटा नव्हत्या. सगळी पावलंच पावलं. पुलाच्या कठड्यावर लुगडं वाळत घातलेलं. चहाघरात चूल. कारंज्याच्या हौदात एक बिऱ्हाड, झोपाळ्यांपाशी दोन. सकाळी चालायला येणारी मंडळी नाकाला रुमाल लावून फाटकाशीच गोल फिरत होती.

वॉचमन करीमभाई म्हणाले, "बाई, मी कुनाकुनाला उठवू? येक उठला की दुसरा बसतोय."

घरी येऊन गुडघा शेकला. राग उतरला नाही.

१० फेब्रु.

सकाळी दोन तास दाताळं ओढलं. आधी वाळू सपाट, मग दगडांभोवती गोल, मग बाकीच्या लाटा. कंबर मोडली. चहाघराच्या पायरीवर एक म्हातारा उकिडवा बसून बघत होता. मी दाताळं टेकवलं तेव्हा म्हणाला,

"बाई, तासं लई वाकडी पडल्यात."

नांगराच्या रेघा वाटल्या त्याला! म्हटलं, बाबा, या वाकड्याच असतात. लाटा आहेत.

"कावून?"

पाणी आहे असं समजायचं, म्हटलं. त्यानं वाळूकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग अगदी सभ्यपणे विचारलं, "पेरनार काय हितं?"

काही नाही म्हटल्यावर बिचाऱ्यानं विषय सोडून दिला. वर्गातल्या ढ मुलाला आपण जसं सोडून देतो तसं.

१२ फेब्रु.

आज डोकं फिरलं.

काल टँकर यायचा होता म्हणून बागेत गेले नाही. (आला नाही. उद्या म्हणे.) आज गेले तर माझ्या सगळ्या लाटा गायब आणि त्या जागी तासं. सरळ. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, दोरी लावून मारल्यासारखी. दगड आला की थांबलेली, पलीकडून परत सुरू. म्हातारा पायरीवर. चेहऱ्यावर असा भाव की बाईंना आता बरं वाटेल.

"पहाटंच करून टाकलं. तुमच्या गुडघ्याला तरास. आता कसं रान दिसतंय."

बोलले असते तर रडले असते. पस्तीस वर्षं पोरांना आंबे आणि मोर शिकवले, त्यात माझं म्हणावं असं हे एकच काम. त्याचं यानं ज्वारीचं रान करून ठेवलं.

तिथून तडक कारखान्याच्या ऑफिसात. कागद मागितला आणि उभ्या उभ्या लिहिलं. "अनधिकृत वास्तव्य करणाऱ्या इसमांमुळे बागेच्या मूळ रचनेची अपरिमित हानी झाली असून..." शिंदेकडं दिलं. शिंदे माझा विद्यार्थी, उद्यान समितीचं काम तोच बघतो. त्यानं वाचून मान डोलावली. "बाई, भाषा म्हणजे तुमचीच." घरी येईपर्यंत मलाही त्या 'अपरिमित'चं कौतुक वाटत होतं. लिहायला लाज वाटते, पण वाटत होतं.

१३ फेब्रु.

जाणार नव्हते, पण पाय गेले.

काल जे पाहिलं नव्हतं ते आज पाहिलं. तासांच्या दोन्ही टोकांना हात-दीड हात वाळू कोरी सोडलेली. वाटलं, दमला असेल. विचारलं.

"बैल वळाया जागा नको व्हय?" म्हणाला.

मग हसला.

इश्वनाथ नाव. बायको राही. सिरसाळ्याच्या अलीकडे कुठंतरी वस्ती, दोन एकर कोरडवाहू. मुलगा-सून ऊसतोडीला गेलेत, तिकडं कर्नाटकात. सगळी वस्तीच तोडीला. टँकर गावात येतो, वस्तीवर येत नाही, आणि म्हातारीला हंडा घेऊन तेवढं चालवत नाही. म्हणून दोघं बैल घेऊन कारखान्याच्या चारा छावणीत आले. यंदा गाळप लवकर आटोपलं, ऊसच नव्हता, ऊसगाड्या थांबायच्या गाडीतळाची जागा छावणीला दिली. तिथं बैलांना चारा, पाणी, आणि बैलांशेजारी माणसांना पालात जागा. मागच्या महिन्यात एक बैल बसला तो उठला नाही. एकट्या बैलाचं काय करायचं म्हणून दुसरा विकला. दुसऱ्याच दिवशी छावणीवाल्यानं सांगितलं, जनावर न्हाई तर जागा न्हाई.

"मंग जपानात आलो," राही म्हणाली. तिला तो विनोद आहे हे माहीत नाही. तिला वाटतं या जागेचं नावच ते.

घरी का जात नाही? मागची भिंत पडलीय. पोरगा पाडव्यानंतर येईल, तो बांधील, मग जाऊ. एवढंच हवंय त्यांना. पाडव्यापर्यंत छप्पर.

पत्राचं बोलले नाही.

१४ फेब्रु.

ऑफिस उघडायच्या आधी दारात. शिंदेला म्हटलं, परवाचा कागद परत दे.

"आवक झाली बाई. नंबर पडला. आता तो कागद तुमचा न्हाई, आमचा."

अरे, मी रागात लिहिलं.

"रागातलंच जरा बरं लिवलं जातं," म्हणाला. मग हळू आवाजात: तीन मार्चला बाहेरच्या कारखान्यांचे अध्यक्ष आपल्याकडं येणार आहेत. दुष्काळातसुद्धा आपण बाग राखली हे आपले अध्यक्षसाहेब त्यांना दाखवणार आहेत. बाग मोकळी करायला कारण हवं होतं, कुणाच्या अंगावर यायला नको होतं. तुमचं पत्र आलं, काम झालं.

एवढी वर्षं या ऑफिसात माझ्या एका कागदाचा उपयोग झाला नव्हता. माळी द्या म्हणून नऊ अर्ज दिले होते.

१६ फेब्रु.

पाच लिटरचा कॅन भरून नेला. रोज तेवढा देता येईल, माझ्या पिंपात आठ दिवसांचं असतं. राहीनं दोन्ही हातांनी घेतला, पदर लावून.

इश्वनाथला लाटा शिकवायचा प्रयत्न केला. दाताळं तिरकं धर, मनगट सैल सोड. हात वळतच नाही त्याचा. साठ वर्षं बैलांमागं सरळ चाललेला माणूस. शेवटी दाताळं माझ्या हातात देऊन म्हणाला, "तुमी काडा बाई वाकडं. मी मागनं पाऊल पुसतो."

आणि खरंच, माझी पावलं नेहमी उमटून राहायची, अठरा वर्षं राहिलीत. याला पाऊल न उमटवता मागं सरकत यायचं माहीत आहे. पेरलेल्या रानातनं असंच चालतात म्हणे.

१७ फेब्रु.

अर्ध्या भागात माझ्या लाटा, अर्ध्यात त्याची तासं. तोडगा राहीनं काढला. सकाळचे चालणारे दोघं-तिघं आत येऊन बघून गेले. एकानं फोटो काढला. मला इश्वनाथची बाजू जास्त आवडली. कुणाला सांगितलं नाही.

दोघांना घरी न्यायचा विचार आला. मागची खोली रिकामीच असते. विचार आला, पाणी, संडास, शेजारी, असं करत करत गेला. लिहून ठेवते, म्हणजे उद्या मला मी फार चांगली वाटायला नको.

२० फेब्रु.

नोटिसा आल्या. करीमभाईंनी प्रत्येक बिऱ्हाडाला एकेक कागद दिला. "मी पोस्टमन हाय बाई, मला काय बोलू नका." एक मार्चपर्यंत जागा रिकामी करावी. काही म्हणणं असल्यास सत्तावीस तारखेला समितीसमोर मांडावं.

इश्वनाथनं कागद जपून ठेवला होता. मी पोचले तशी पुढं केला. "बाई, वाचून दावा."

वाचलं. तिसऱ्या ओळीत माझं नाव होतं, श्रीमती लावून. ते गाळलं. पुढं माझीच वाक्यं, जशीच्या तशी. माझ्याच तोंडून.

"अपरिमित म्हंजी?" त्यानं मधेच थांबवलं.

मोजता येणार नाही इतकी, म्हटलं.

"हानी म्हंजी नुसकान ना?"

हो.

त्यानं वाळूकडं पाहिलं. मग राहीकडं. "येवडं? आमी केलं?" त्याला खरंच कळत नव्हतं. भांडत नव्हता, विचारत होता. काही मोडलंय का, फुटलंय का, कुठं ते दाखवा म्हणाला, नीट करून देतो.

राहीनं विचारलं, "तक्रार कुनी केली म्हनून लिवलंय?"

मी म्हटलं, लिहिलेलं नाही.

पस्तीस वर्षं मास्तरकी केली. कॉपी करणाऱ्या पोराचा चेहरा मला लांबून कळायचा. आज माझा कुणी पाहिला असता तर...

२१ फेब्रु.

दुसरं पत्र लिहिलं. साधं. विश्वनाथ व राही हे बागेची देखभाल करीत आहेत, त्यांचा मुलगा पाडव्यानंतर येईपर्यंत त्यांना चहाघरात राहू द्यावं, मजुरी मागत नाहीत, जागा तेवढी द्यावी. चार वेळा लिहून फाडलं. चांगलं लिहिणं जमेना, मग जसं आलं तसं दिलं.

शिंदेनं शिक्का मारला. "ऐनवेळच्या विषयात घेतो."

कारंज्यातलं बिऱ्हाड आज गेलं. कुठं ते करीमभाईंनाही माहीत नाही. झोपाळ्यापाशी एकच उरलं.

इश्वनाथ म्हणाला, "मीटिंगला तुमी चला बाई. आमच्याकडनं बोलाया दुसरं हाय कोन?"

हो म्हटलं.

२३ फेब्रु.

गुडघा. बागेत नाही. टँकर आला, भांडणं झाली, एक हंडा चेपला. पिंप भरलं.

२४ फेब्रु.

शिंदे रस्त्यात भेटला, स्कूटर थांबवली. म्हणाला, सत्तावीसला विषय निघाला की फाईल पहिल्यापासून वाचणार. आधी तक्रार, मग अर्ज. ज्यांचा विषय ते समोर उभे असतात.

"दोनी कागदांवर नाव तुमचंच, बाई. साहेब हसतील. ते हसल्यावर आपलं काम होतं कदी कदी."

त्याला साहेबांची पडलीय. माझ्या डोळ्यांसमोर इश्वनाथ उभा राहिला, टोपी हातात घेऊन ऐकणारा.

म्हणजे त्याच्या आधी सांगायला हवं.

२५ फेब्रु.

सांगायला गेले. राहीनं बसवलं. तीन दगडांवर भगुनं, गुळाचा चहा, दूध नाही. कप एकच, तो मला. अठरा वर्षांपूर्वी त्या इमारतीवर मी झोकात 'चहाघर' लिहिलं होतं, आणि तिथं कुणी चहा केलेला मी आज पहिल्यांदा पाहिला. गोड होता, जरा धुराचा वास.

राही सुनेचं सांगत होती. तिला तिकडं ताप आला होता, मुकादमानं सुट्टी दिली नाही, आता बरी आहे. परवा कुणाच्या तरी फोनवर बोलणं झालं. मुलाला यांनी सांगितलंय, आमी बागेत हाव, लई झाक हाय, काळजी करू नको.

चहा पिऊन परत आले. नाही सांगितलं. भित्री आहे मी, दुसरं काही नाही.

२६ फेब्रु.

सांगितलं.

तो वाळूवर होता. एक तास ओढून वळायच्या जागी आला तेव्हा म्हटलं, बाबा, ती तक्रार मी केली होती. त्या दिवशी, तुम्ही रेघा सरळ केल्या तेव्हा. रागाच्या भरात. नोटिशीत माझं नाव होतं, मी वाचलं नाही.

त्यानं दाताळं भिंतीला टेकवलं. टाकलं नाही, टेकवलं, दात आतल्या बाजूला, कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून. चहाघराच्या मागं गेला आणि तिकडंच बसला.

राही भांडी आवरत होती, तिनं ऐकलं होतं. "बाई, आमी काय वाईट केलतं तुमचं?"

काही नाही.

"मंग?"

माझ्या लाटा मोडल्या म्हणून? या बाईची मागची भिंत पडलीय. तरी तेच सांगितलं, कारण खरं तेच होतं. चित्र माझं होतं, त्याला हात लावला म्हणून राग आला. तिनं ऐकून घेतलं. "मला सांगायचं की," म्हणाली, "मी त्याला बोल्ले असते. त्यो आयकतो माजं."

कॅन ठेवला. तिनं घेतला. आज पदर लावला नाही.

घरी येऊन काही खाल्लं नाही. स्वतःचाच इतका संताप आला की शिंदेच्या त्या 'भाषा म्हणजे तुमचीच'चाही आला. त्या बिचाऱ्याचं काय चुकलं.

२७ फेब्रु.

ऑफिसच्या बाकावर बसून लिहितेय. मीटिंग अकराची, साहेब साडेबाराला आले. नेहमीचे विषय चालू आहेत, ऐनवेळचे शेवटी.

सकाळी वाटलं ते येणार नाहीत. मी नऊला पोचले तर दोघं आधीच व्हरांड्यात. राही पुलावर वाळत घातलेल्या त्याच लुगड्यात, धुतलेलं. इश्वनाथनं दाढी केलीय. मला रामराम केला नाही. बाकावर जागा असून खाली भिंतीला टेकून बसला. मी म्हटलं, बाबा वर बसा. मान हलवली नुसती, हो की नाही कळलं नाही.

काय बोलायचं ते मी ठरवलंय. तक्रार माझी होती, ती चुकीची होती, हानी काही झालेली नाही. साहेबांसमोर, शिंदेसमोर. गावात उद्या बोलतील की बाईंचं डोकं ठिकाणावर नाही, आधी एक लिहितात, मग एक. बोलू देत. पण तीन तारखेला पाहुणे आहेत, आणि साहेबांना बाग रिकामीच हवी आहे, तिथं माझ्या बोलण्यानं काय होणार? एकदा वाटतं होईल. शिंदे म्हणतो सांगता येत नाही. झोपाळ्यापाशी उरलेलं बिऱ्हाड आज आलंच नाही. करीमभाई म्हणाले, पहाटेच गेलं.

मघाशी राही उठून माझ्याजवळ आली. इश्वनाथकडं पाठ करून हळूच म्हणाली, "बाई, त्यांनी आमाला इचारलं तर आमी काय सांगायचं? तक्रार खरी हुती म्हनायचं का खोटी?"

खोटी म्हणा, म्हटलं.

"तुमाला चालंल?"

हो.

"तुमी हाव ना पर आत? जानार न्हाई ना मधीच?"

नाही जाणार.

तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, जाऊन त्याच्याशेजारी बसली. त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. राग आहे, स्पष्ट दिसतो. पण तो राग गिळून त्यानं टोपी सारखी केली आणि मला विचारलं, "बाई, आत गेल्यावर उबंच ऱ्हायचं ना?"

माझ्यावर नीट रागवायचीही सोय नाही त्यांना. त्यांच्या बाजूनं बोलणारं माझ्याशिवाय कुणी नाही, आणि त्यांच्या विरुद्ध बोललेलंही माझ्याशिवाय कुणी नाही.

दार उघडलं. शिंदे हात करतोय.